‘जेपीजी करून दे ना भाऊ’ : रॉ फाइल आणि तिचं रूपांतर

(नागपुरात धंतोलीतल्या एका सभागृहात छायाचित्रकारांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. कोणता कॅमेरा घ्यावा आणि कोणती लेन्स भारी, यावर मी आज एक अक्षर बोलणार नाही. त्यावर चहाच्या वेळी भांडायला आपल्याकडे भरपूर लोक आहेत. माझं काम कॅमेरा बंद झाल्यावर सुरू होतं. सीताबर्डीत आमची छोटी लॅब आहे. लग्नाचे अल्बम, मोठे प्रिंट, अधूनमधून एखाद्या प्रदर्शनाचं काम. माणूस येतो, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘भाऊ, यात रॉ आहे. जेपीजी करून दे ना, मी तर्री-पोहे खाऊन येतो तोवर.’

तेवढ्या वेळात ते होतंही. सगळे फोटो निवडले, एक्सपोर्टचं बटण दाबलं, झालं. पण रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं मोजलेले कच्चे आकडे आणि जेपीजी म्हणजे त्यांतून बनलेला, दाबून लहान केलेला तयार फोटो; त्या एका बटणामागे पाच-सात निर्णय असतात. ते तुम्ही घेतले नाहीत तर सॉफ्टवेअर तुमच्या वतीनं घेतं आणि तुम्हाला विचारतही नाही. त्यातले काही निर्णय उद्या फिरवता येतात, काही एकदा घेतले की संपलं. कोणते फिरवता येतात आणि कोणते नाही, एवढं कळलं की कुठे जेपीजी, कुठे टिफ (झीज न होणारा तयार फोटो) आणि कुठे डीएनजी (अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीनं आणलेलं खुलं रॉ) हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

आता पडद्यावर बघा. हा फोटो तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी काढलेला आहे. पोळ्याचा दुसरा दिवस, इतवारी, पिवळी मारबत (मिरवणुकीतला तो भलामोठा पुतळा), वर पावसाळ्यातलं मधूनच फटकन पडणारं ऊन आणि खाली ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडणारी गर्दी. आपण हा फोटो मोठा करत जाऊ. मारबतीचा चेहरा, मग गाल, मग गालावरचा कागद. आणखी मोठा केला आणि सॉफ्टवेअरला सांगितलं की तुझी अक्कल लावू नको, सेन्सरने जे दिलं तेच दाखव. आता चार घरं दिसतात. वर डावीकडे तांबडं, आकडा ६,४००. त्याच्या शेजारी हिरवं, ९,८००. खाली डावीकडे पुन्हा हिरवं, ९,७६०. आणि कोपऱ्यात निळं, फक्त ७००.

पिवळं कुठे आहे यात? कुठेच नाही. सेन्सरच्या प्रत्येक घराला फक्त उजेड मोजता येतो, रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक घरावर एकाच रंगाची काच बसवलेली असते: निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर तांबडी, पाव घरांवर निळी. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी १९७५ साली या मांडणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७६ साली ते मिळालं, आणि आज या सभागृहातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये तीच मांडणी किंवा तिचीच एखादी सुधारित आवृत्ती बसलेली आहे. हिरवी घरं दुप्पट का, तर आपल्या डोळ्याला बारकावे मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या उजेडात कळतात. फुजीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मांडणी वेगळी आहे, सहा बाय सहाची. त्यावर वेगळं भाषण होईल, आज ते सोडून देतो.

याचा हिशेब करा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे २ कोटी ४० लाख घरं. त्यात १ कोटी २० लाख हिरवी, ६० लाख तांबडी, ६० लाख निळी. पण तयार फोटोत प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग लागतात, म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे. मोजलेले किती? २ कोटी ४० लाख. उरलेले ४ कोटी ८० लाख आकडे शेजारच्या घरांकडे बघून अंदाजानं भरलेले असतात. तुमच्या फोटोतला दोन तृतीयांश रंग कॅमेऱ्यानं टिपलेला नाही, गणितानं काढलेला आहे. याला डीमोझेइक म्हणतात. रूपांतरातला हा पहिला निर्णय, आणि यातलं गणित दरवर्षी सुधारतंय. दहा वर्षांपूर्वीची रॉ फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, कमी दिसेल, बारीक पोत जास्त दिसेल. फाइल तीच, फक्त अंदाज लावणारा हुशार झाला. त्या वेळी तुम्ही नुसतं जेपीजी ठेवलं असेल तर दहा वर्षांपूर्वीचाच अंदाज तुमच्या नशिबी.

दुसरा निर्णय व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरण्याचा. आत्ता पाहिलेले आकडे तसेच्या तसे पडद्यावर टाकले तर फोटो काळपट आणि हिरवट दिसतो, कारण हिरव्या घरांचे आकडे तसेही जास्त येतात. म्हणून तांबड्याला साधारण दुपटीनं, निळ्याला दीडपटीनं गुणतात. उन्हात वेगळा गुणक, हॅलोजनखाली वेगळा. ६,४०० चे १२,८०० झाले की कुठे मारबत पिवळी दिसायला लागते. रॉ फाइलमध्ये हा गुणक फक्त टिपून ठेवलेला असतो, मूळ आकड्यांना हात लावलेला नसतो. त्यामुळे हळदीच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळला, म्हणजे भिंत पिवळी, साडी पिवळी, नवरी पिवळी आणि वर व्हिडिओवाल्याचा लाइट, तरी रॉमध्ये घरी येऊन निवांत दुरुस्त करता येतं. जेपीजीत तो गुणाकार होऊन गेलेला असतो. निळा रंग एकदा शून्यावर जाऊन बसला की तुम्ही स्लायडर कितीही ओढा, शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच.

आणि पिवळ्याची खास गंमत अशी की तो दोन्ही टोकांना मार खातो. तांबडा वर जाऊन जेपीजीच्या सर्वात वरच्या आकड्याला, २५५ ला, टेकतो, निळा खाली जाऊन शून्याला टेकतो. मधे उरतो एकटा हिरवा, कागदाच्या सुरकुत्या दाखवायला. म्हणून झेंडू, हळद आणि मारबत जेपीजीत सपाट रंगाच्या थापीसारखे दिसतात. त्यात रंगाची हद्दही आड येते. एसआरजीबी ही हद्द १९९६ मध्ये त्या काळच्या मॉनिटरांकडे बघून ठरली आणि गर्द पिवळे-केशरी तिच्या काठावर किंवा काठाबाहेर पडतात. तुम्ही एक्सपोर्ट करताना ती छोटी चौकट दिसते ना, ‘कलर स्पेस’, जिच्याकडे कोणी बघत नाही, तिथे हा निर्णय होतो. अडोबी आरजीबी जास्त मोठी आहे, पण म्हणून उगाच ती निवडू नका. व्हॉट्सॅपवर आणि लॅबमध्ये सगळीकडे एसआरजीबी धरून चालतात. अडोबी आरजीबीतला फोटो चुकीच्या जागी उघडला की नवरी आजारी दिसते आणि फोन आम्हाला येतो.

तिसरी गोष्ट, पायऱ्यांची. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक घराला १६,३८४ पायऱ्या मिळतात. जेपीजी ८ बिटचं, म्हणून दर रंगाला २५६. नुसतं एवढं ऐकलं तर वाटतं, मग काय, कमी तर कमी. पण त्या पायऱ्यांची वाटणी बघा. सेन्सर उजेड सरळ मोजतो, दुप्पट उजेड म्हणजे दुप्पट आकडा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. त्यामुळे सर्वात वरच्या एका स्टॉपला निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या जातात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६. मग २,०४८, १,०२४, ५१२, आणि सहाव्या स्टॉपला २५६. म्हणजे सावलीत सहा स्टॉप खाली उतरल्यावर रॉजवळ जेवढ्या पायऱ्या उरतात, तेवढ्या जेपीजीजवळ काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मिळूनच आहेत. काळ्या मारबतीचा फोटो सावलीत काढून नंतर उजळायला जा, जेपीजीत लगेच पट्टे-पट्टे आणि ठिपके येतात. रॉमध्येही नॉइज येईल, पण आकार शाबूत राहील. आणि म्हणूनच रॉमध्ये काढताना, पांढरं उडणार नाही एवढं बघून, फोटो थोडा उजळच काढा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढऱ्या कपड्यांतले हजारो लोक असतात. तिथे मात्र उलट काळजी घ्यायची. १६,३८३ च्या वर गेलेलं पांढरं रॉमध्येही परत येत नाही. लोक समजतात की रॉ असलं की सगळं परत मिळतं. तसं नाही बाप्पा. कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते कुठल्याच फॉरमॅटमध्ये सापडणार नाही.

आता जेपीजी. त्याला मी नावं ठेवतोय असं वाटत असेल तर तसं अजिबात नाही. हे मानक १९९२ सालचं आहे आणि आजही अख्खं जग त्यावर चाललंय, उगाच नाही. त्याच्या मुळाशी जे गणित आहे, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, ते मांडलं आपल्या बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात ते शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करायला सरकारी अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. मग नटराजन आणि राव या दोघांबरोबर १९७४ मध्ये त्यांनी शोधनिबंध छापला. तुम्ही रोज सकाळी ‘सुप्रभात’चं जे चित्र ढकलता ना, त्यात हे गणित आहे.

ते काम कसं करतं, ते एका साडीवर दाखवतो. ही करवतकाठी आहे, आपली विदर्भातली, टसरची. काठाला करवतीसारखे दाते आहेत. टिफमध्ये बघा, लाल दाता कुठे संपतो आणि टसरचा बदामी रंग कुठे सुरू होतो ते धाग्यावर बोट ठेवून सांगता येतं. आता तोच भाग कमी गुणवत्तेच्या जेपीजीत. दात्यांची टोकं बोथट झाली आणि लाल रंग बाहेर सांडल्यासारखा दिसतो. असं का होतं? जेपीजी आधी उजेड वेगळा काढतं आणि रंग वेगळा. मग म्हणतं, डोळ्याला रंगातले बारकावे फारसे कळत नाहीत, म्हणून चार पिक्सेलमध्ये मिळून रंगाची एकच नोंद ठेवू. त्यानंतर फोटोचे आठ बाय आठचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनातले मोठे बदल ठेवतं आणि बारीक थरथर टाकून देतं. आभाळ, गाल, भिंत यांना फरक पडत नाही. करवतीचे दाते, केस, पत्रिकेवरची अक्षरं, इथे पकडलं जातं. अक्षरांभोवती डासांचा थवा बसल्यासारखं दिसतं ते हेच.

उपाय सोपा आहे. गुणवत्ता वर ठेवा. शंभरपैकी नव्वदच्या आसपास ठेवली तर छापून आल्यावर भिंग लावूनही फरक सापडणं कठीण, आणि अनेक सॉफ्टवेअर वरच्या गुणवत्तेला रंगाची ती काटकसर करतच नाहीत. पूर्ण शंभर केल्यानं फाइल फुगते, डोळ्याला मिळत काही नाही. आणि जेपीजी उघडून, बदलून, पुन्हा जेपीजी म्हणून सेव्ह करणं बंद करा. दर वेळी तोच चौकोनांचा खेळ पुन्हा होतो. बदल करायचा तर रॉवर जा आणि तिथून नवीन जेपीजी काढा. पोळी भाजल्यावर मीठ कमी पडलं म्हणून तिची परत कणीक करता येत नाही.

इथे एक किस्सा सांगायला हवा. एक छायाचित्रकार, नाव गाव सोडा, अल्बमसाठी फोटो घेऊन आले. बारा बाय छत्तीसचं शीट. म्हणजे इंचाला तीनशेच्या हिशेबानं ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलची जागा. फोटो लावायला घेतले तर प्रत्येक फोटो १,६१६ बाय १,०८०. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा! विचारलं तर म्हणाले, इंटरनेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरमध्ये रॉ टाकले, जेपीजी आले. झालं होतं असं की जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानंच बनवलेलं एक जेपीजी असतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तुम्ही बघता ते हेच. काही कॅमेऱ्यांत ते पूर्ण आकाराचं असतं, काहींत एवढंसं. त्या वेबसाइटनं रूपांतर काही केलंच नव्हतं, पोटातलं ते चित्र काढून हातात दिलं होतं. शीटची उंची ३,६००, फोटोची १,०८०; ताणून ताणून किती ताणणार?

त्यांच्याकडे मूळ रॉ होते म्हणून अल्बम झाला. पण दुसरा प्रश्न माझ्या मनात राहिला. कोणाच्या तरी लेकीच्या लग्नाचे शेकडो फोटो तुम्ही कुठल्या अनोळखी सर्व्हरवर चढवले? तिथे ते किती दिवस राहणार? घरच्या संगणकावर चालणारे डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम हे प्रोग्रॅम पूर्ण मोफत आहेत, कॅमेरा कंपन्यांचे स्वतःचे प्रोग्रॅमही मोफत मिळतात. फोटो घराबाहेर पाठवायची गरजच नाही.

कधीकधी मात्र ते पोटातलं जेपीजीच कामाचं असतं. बातमीचा फोटो आहे, पाच मिनिटांत पाठवायचा आहे. एक्झिफटूल नावाच्या छोट्याशा मोफत प्रोग्रॅमनं शेकडो रॉमधली जेपीजी बघता बघता बाहेर काढता येतात. आपण काय घेतोय हे माहीत असलं म्हणजे झालं.

आणि फाइलचं नाव बदलून रूपांतर होत नाही, हेही सांगून टाकतो, कारण दर महिन्याला कोणीतरी करून आणतंच. एनईएफचं, म्हणजे निकॉनच्या रॉचं, नाव बदलून टिफ केलं तर काही प्रोग्रॅममध्ये ती चक्क उघडते, पण टपाल तिकिटाएवढी! याचं कारण मजेचं आहे. बऱ्याच रॉ फाइली आतून टिफच्याच घराण्यातल्या आहेत. फाइल कच्च्या बाइट्समध्ये उघडून बघा, सुरुवातीला दोन अक्षरं असतात, ‘आयआय’ किंवा ‘एमएम’, म्हणजे आकडे कुठल्या बाजूनं वाचायचे त्याची खूण. आणि लगेच पुढे ४२ हा आकडा. टिफच्या अधिकृत दस्तऐवजात लिहिलंय की हा आकडा मनमानी पण काळजीपूर्वक निवडलेला आहे. इतक्या कोरड्या दस्तऐवजात कोणीतरी अशी गंमत करून घेतलीय, मला ते फार आवडतं. तर प्रोग्रॅमला वाटतं ही टिफ आहे, तो पहिलं चित्र उघडतो, आणि ते असतं अंगठ्याएवढं थंबनेल. कॅननची नवी सीआर३ मात्र टिफच्या घराण्यातली नाही, तिची रचना व्हिडिओ फाइलच्या जातीची आहे.

टिफवर फार वेळ घालवत नाही. आकडेमोडच सांगते कुठे वापरायची. आपल्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोचं रॉ दाबलं नाही तर १४ बिटच्या हिशेबानं ४२ एमबी. त्याचं १६ बिटचं टिफ १४४ एमबी, ८ बिटचं ७२. जेपीजी दहाच्या आसपास. लग्नाचे तीन हजार फोटो १६ बिट टिफमध्ये काढले तर ४३२ जीबी! म्हणजे निवडक फोटोंसाठीच टिफ: ज्याच्यावर रिटचिंग होणार आहे, जो पाच फुटांचा छापायचा आहे, जो पुस्तकाच्या छपाईला जाणार आहे. टिफमध्ये डीमोझेइक आणि व्हाइट बॅलन्स ठरून गेलेले असतात, पण पायऱ्या शिल्लक असतात आणि पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यानं झीज होत नाही. आमच्याकडे जुने फोटो स्कॅन होतात, आजोबांच्या काळातले, तेही आम्ही टिफमध्येच देतो. घरचे लोक मग मोबाइलसाठी एक जेपीजी मागतातच, ते वेगळं.

आता डीएनजी. याच्यावर जास्त बोलतो, कारण याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी जास्त अफवा आहेत.

प्रत्येक कंपनीचं रॉ वेगळं. कॅननचं सीआर२, सीआर३, निकॉनचं एनईएफ, सोनीचं एआरडब्ल्यू, फुजीचं आरएएफ, पॅनासोनिकचं आरडब्ल्यू२. नुसतं नाव वेगळं असतं तरी चाललं असतं. पण आतली रचना कंपन्या जाहीर करत नाहीत, आणि नवा कॅमेरा आला की पुन्हा थोडी बदलते. २००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सची नोंदच कुलूपबंद करून ठेवलेली निघाली आणि मोठा गदारोळ झाला. फोटो मी काढला, उजेड कसा होता ते मलाच वाचता येत नाही, असा तो सवाल होता. त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, अडोबीनं डीएनजी आणलं: रचना जाहीर, कोणीही वापरा, पैसे नकोत. लायका आणि रिको यांचे कॅमेरे सरळ डीएनजीच देतात, पेंटॅक्समध्ये निवड करता येते. मोठ्या तीन कंपन्या मात्र अजून आपल्याच वाटेनं चालल्या आहेत.

रॉचं डीएनजी करताना, नेहमीच्या सेटिंगवर, ती चार घरं तशीच राहतात. ६,४००, ९,८००, ९,७६०, ७००. डीमोझेइक होत नाही, व्हाइट बॅलन्स नोंदीच्याच रूपात राहतो. आकडे न गमावता दाबून बसवले जातात, म्हणून फाइल बरेचदा थोडी लहान होते. शिवाय फाइलमध्ये एक पडताळणीचा आकडा ठेवता येतो. हार्ड डिस्क आतून सडत असेल आणि एखादा बाइट उलटला असेल तर तो आकडा जुळत नाही आणि तुम्हाला कळतं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत, पंखाही नसलेल्या माळ्यावर ज्यांच्या डिस्क पडलेल्या असतात, त्यांनी हे ऐकून ठेवा.

सर्वात जास्त उपयोग कुठे होतो सांगू? नवा कॅमेरा, जुनं सॉफ्टवेअर. अनेकांकडे एकदाच पैसे भरून घेतलेलं जुनं लाइटरूम, म्हणजे अडोबीचं फोटोंचं सॉफ्टवेअर, आहे, दरमहा वर्गणी भरायची इच्छा नाही. कॅमेरा बदलला, रॉ उघडेना. मग कुठून तरी भलतीच कॉपी आणून बसवतात आणि संगणकात व्हायरस घेऊन आमच्याकडे येतात. काहून? अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली त्यात टाका, डीएनजी करा, जुनं सॉफ्टवेअर त्या उघडतं. हा अगदी राजमार्ग आहे.

तोटेही आहेत. कॅननच्या किंवा निकॉनच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये हे डीएनजी उघडणार नाही. कंपनीच्या काही खासगी नोंदी, जसं की फोकसचा बिंदू नेमका कुठे होता, त्या फाइलमध्ये जातात पण पुढचा प्रोग्रॅम त्या वाचेलच असं नाही. आणि कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये ‘लॉसी’ अशी एक खूण आहे, ती नजरचुकीनं राहिली तर डीएनजी नावाखाली आकडे गेलेलेच असतात. डीएनजी लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, ती खूण तपासा. आणखी एक. रॉवर केलेलं एडिटिंग एक्सएमपी नावाच्या शेजारच्या छोट्या फाइलमध्ये जातं, डीएनजीत ते फाइलच्या आतच लिहिता येतं. रॉ कॉपी करताना ती चिमुकली फाइल मागे राहिली की रात्रभर केलेलं काम गेलं. डीएनजीत ही भीती नाही, पण क्लाउडवर बॅकअप असेल तर एक स्लायडर हलवला तरी अख्खी फाइल पुन्हा चढते. ज्याला जे झेपेल ते.

माझा स्वतःचा कौल विचाराल तर: मूळ रॉ ठेवा. डीएनजी गरज पडेल तेव्हा करा, आणि केलं तरी मूळ लगेच उडवू नका.

मोबाइलचं एका वाक्यात सांगतो. आयफोनवर २०१७ पासून येणारं एचईआयसी हे रॉ नाही, ते जेपीजीचं जास्त काटकसरी भावंड आहे. लॅबला देताना जेपीजी करून द्या, म्हणजे आमची अर्धी भांडणं मिटतील.

वाघवाल्यांसाठी एक सूचना. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथे तुम्ही जे फोटो काढता, त्यात जीपीएस चालू असेल तर वाघीण पिलांसह नेमकी कुठे बसली होती ते फाइलमध्ये लिहिलेलं असतं. रॉमध्ये राहू द्या, तुमची नोंद आहे ती. पण एक्सपोर्ट करताना लोकेशन काढून टाकण्याची खूण जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती लावूनच फोटो बाहेर सोडा.

आता प्रश्न घेऊ.

(एका ताईंनी विचारलं की त्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या कॅननच्या सीआरडब्ल्यू फाइली आहेत, त्या आता उघडतील का?)

उघडतील ताई. त्याचं श्रेय बऱ्याच अंशी डेव्ह कॉफिन नावाच्या एका माणसाला आहे. १९९७ मध्ये त्यांनी डीसीरॉ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि एकेका कॅमेऱ्याची रचना उलगडत शेकडो कॅमेरे त्यात बसवले, अन् सगळं खुलं ठेवलं. पुढे त्यावरूनच लिबरॉ तयार झालं, आणि आजचे कितीतरी मोफत आणि विकतचे प्रोग्रॅम त्या पायावर उभे आहेत. डार्कटेबल किंवा रॉथेरपीत उघडून बघा. अशा जुन्या फाइलींचं मात्र मी डीएनजी करून ठेवीन, मूळ फाइलीच्या शेजारी. आणि आधी सीडीवरून त्या उतरवून घ्या. फॉरमॅटपेक्षा सीडी आधी जाते.

(एका तरुणानं विचारलं: सर, क्लायंट म्हणतो मला रॉ पण द्या. द्यायचे का?)

तो तुमच्या व्यवहाराचा प्रश्न आहे, आगाऊ लिहून घ्या. पण द्यायचे ठरले तर त्याला सांगा की हे उघडल्यावर फिके दिसतील. नाहीतर तो म्हणेल, तुम्ही मला खराब फोटो दिले. खरं तर बहुतेकांना रॉ नको असतं, सगळे फोटो हवे असतात. तसं असेल तर चांगल्या गुणवत्तेचे पूर्ण आकाराचे जेपीजी द्या आणि व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन आणि पुन्हा दाबूनच पोहोचतो.

(शेवटचा प्रश्न वन्यजीव स्पर्धांबद्दल होता: अंतिम फेरीत रॉ मागतात, तिथे डीएनजी चालतं का?)

तुमचा कॅमेराच डीएनजी देत असेल तर चालतं. एनईएफचं किंवा एआरडब्ल्यूचं करून घेतलेलं डीएनजी बऱ्याच स्पर्धा नाकारतात, कारण कॅमेऱ्यातून फाइल निघाल्यावर मधे काहीतरी झालंय एवढं त्यावरून दिसतं आणि काय झालंय ते तपासत बसायला परीक्षकांना वेळ नसतो. म्हणून वाघाचा जो फोटो तुम्हाला पाठवावासा वाटतो, त्याचं मूळ रॉ आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या दोन-चार फ्रेमही तशाच ठेवा, नाव न बदलता. शेजारच्या फ्रेमही कधीकधी मागतात.